आधी वाट, मग बॅटरी

या पुस्तिकेचा विषय एका वाक्यात मावतो: लाइट गेल्यावर नेटवर्कचा स्विच चालू राहावा म्हणून कोणती सोय निवडायची. हा स्विच म्हणजे एका केबलवरून आलेलं नेटवर्क आठ, सोळा किंवा चोवीस तारांवर वाटून देणारा डबा. सोसायटीच्या जिन्यात, पतपेढीच्या काउंटरखाली, क्लासच्या माळ्यावर, कारखान्याच्या गाळ्यात तो धूळ खात पडलेला असतो. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत असतात तोवर त्याची आठवण कुणाला येत नाही. ते विझले की फोन सुरू होतात, आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी दुकानात जाऊन ‘एक सहाशेचा यूपीएस द्या’ म्हणून मोकळा होतो.

सहाशेचा, म्हणजे ६०० व्हीएचा, यूपीएस पुष्कळ ठिकाणी पुरतो. पण तो कुठे पुरतो, कुठे अपुरा पडतो आणि कुठे त्याची गरजच नाही, हे पैसे मोजण्याआधी कळायला हवं. त्यासाठी लागणारं गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. लागते ती थोडी पायपीट. कारण स्विच एकटा कधीच काम करत नाही. त्याच्या मागे कुणाचं तरी यंत्र असतं आणि पुढे कुणाचं तरी. या साखळीतलं एक जरी बंद पडलं, तरी मधल्या स्विचला दिलेला महागडा बॅकअप नुसते दिवे पेटते ठेवतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया हाच आहे.

उदाहरणं भांडुपची घेतली आहेत, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं वस्तीचं. सीएट, एशियन पेंट्स, जीकेडब्ल्यू अशा कारखान्यांच्या आधाराने वाढलेलं हे उपनगर. पश्चिमेला डोंगराच्या उतारावर टेंभीपाडा, हनुमान नगर, तुळशेतपाडा अशा वस्त्या चढत गेलेल्या. लालबहादूर शास्त्री मार्गालगत नवे टॉवर. रुळांच्या पूर्वेला दातार कॉलनी आणि त्यापुढे मिठागरं नि खाडी. नेटवर्क टाकणाऱ्या माणसाला आयुष्यात भेटतील ते बहुतेक नमुने इथे एका फेरीत भेटतात: पत्र्यावरून वायर गेलेली बैठी चाळ, लिफ्ट आहे पण जनरेटर नाही अशी सात मजली इमारत, आणि डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, आपोआप सुरू होणारा टॉवर. तिघांना एकच सल्ला देता येत नाही.

दुसरं कारण विजेचं. मुंबई शहराला बेस्ट वीज देते, उपनगरांना बहुतांशी अदानी आणि टाटा पॉवर. भांडुप आणि मुलुंड मात्र महावितरणकडे. पालिका मुंबईची आणि वीज उरलेल्या महाराष्ट्राची, अशी इथली तऱ्हा. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात भारनियमन चाललं होतं, तेव्हा बाकीची मुंबई उजेडात असताना मुलुंड-भांडुपला त्याची झळ बसत होती, हे इथले जुने रहिवासी विसरलेले नाहीत. आता ते दिवस गेले. पण पावसाळ्यात फीडर पिलरमध्ये पाणी शिरतं, जमिनीखालच्या केबलचा जोड जळतो, तीनपैकी एक फेज जातो, दुरुस्तीसाठी ठरवून पुरवठा बंद ठेवला जातो. हे प्रकार कमी-अधिक प्रमाणात सगळ्याच कंपन्यांच्या हद्दीत घडतात.

लाइट जाण्याचे चार प्रकार मानावेत, असं ही पुस्तिका सुचवते. क्षणभर मिचकावून परत येते ती. दहा-पंधरा मिनिटं जाते ती. दोन-चार तास जाते ती. आणि २६ जुलै २००५ सारख्या आपत्तीत, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, अनेक वस्त्यांत येण्याचं नावच घेत नाही ती. पहिलीला छोटासा यूपीएसही पुरतो. दुसरीला बॅटरीची तब्येत चांगली लागते. तिसरीला हिशेब लागतो. चौथीला बॅटरीने उत्तर देण्याचा नाद सोडावा. तिथे जनरेटर तरी हवा, नाहीतर आपल्याला काय बंद ठेवून चालेल याचा आधीच केलेला निर्णय हवा. ‘बॅकअप किती पाहिजे?’ या प्रश्नाला ‘जास्तीत जास्त’ हे उत्तर नसतं. कोणत्या प्रकारासाठी पाहिजे, ते आधी ठरवावं लागतं.

तिसऱ्या प्रकाराचा मोठा धडा मुंबईला १२ ऑक्टोबर २०२० रोजी मिळाला. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांवरून येणारा पुरवठा तुटला आणि मुंबईसह ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनामुळे नोकऱ्या घरून चालल्या होत्या, वर्ग मोबाइलवर भरत होते. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कुठे दोन-तीन तासांनी, कुठे संध्याकाळ उलटल्यावर वीज आली.

त्या दिवसातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली खुद्द शहराच्या बॅकअपची. बाहेरचं जाळं कोसळलं तर मुंबईने त्यापासून सुटून आपल्या भोवतालच्या वीजकेंद्रांवर चालत राहावं, अशी योजना १९८०च्या दशकापासून आहे. त्या सकाळी ती टिकली नाही. सुटलेल्या भागातली मागणी मोठी होती आणि आतली वीजनिर्मिती तेवढी नव्हती. मेळ बसला नाही, म्हणून सगळंच बसलं. ३६० वॉटच्या यूपीएसवर कुणी प्रिंटर जोडतो तेव्हा नेमकं हेच होतं. लेझर प्रिंटर तापताना सहज पाचशे वॉटच्या पुढे जातो, यूपीएस भार सोडून देतो आणि त्याच्याबरोबर ज्याच्यासाठी तो आणला होता तो पाच वॉटचा स्विचही जातो. बॅकअप असणं वेगळं आणि त्याच्यावर काय लादलं आहे ते ठाऊक असणं वेगळं.

दुसरी गोष्ट घरोघरची. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांचे पंखे फिरत होते, राउटरचे दिवे लागलेले होते, आणि तरी अनेकांचं नेट बंद होतं. घरातलं टोक जिवंत होतं. मधली वाट मेलेली होती.

जुन्या पिढीला हे चमत्कारिक वाटतं, कारण लाइट गेली तरी एमटीएनएलचा फोन चालत असे. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची मोठी रांग असायची, तिच्या मागे जनरेटर असायचा, आणि फोनला लागणारी वीज बोलणं वाहून नेणाऱ्या तांब्याच्या त्याच जोडीवरून घरापर्यंत यायची. ग्राहकाने बॅटरी नावाची वस्तू पाहिलेलीही नसे. बॅकअप एका जागी होता आणि एकाच संस्थेच्या गळ्यात होता.

पुढे केबल टीव्हीवाल्यांनी आपल्या नेहमीच्या गच्च्यांवरून इंटरनेट न्यायला सुरुवात केली आणि हा हिशेब मोडला. तांब्याची लॅन केबल १०० मीटरच्या पलीकडे धड चालत नाही. म्हणून दर इमारतीत एक स्विच आला, गच्चीच्या दाराशी पत्र्याच्या पेटीत बसला, आणि त्याला वीज कुठून द्यायची हा प्रश्न प्रत्येक इमारतीत जमेल तसा सुटला. कुठे सोसायटीच्या कॉमन मीटरवरून, कुठे लिफ्टच्या खोलीतून, कुठे वरच्या मजल्यावरच्या एखाद्या ग्राहकाच्या घरातून, ‘काका, एक प्लग द्या, तुमचं बिल थोडं कमी लावतो’ अशा तोंडी करारावर. भांडुपसारख्या कोकणी माणसांच्या उपनगरात या शेवटच्या प्रकाराचा निकाल गणपतीत लागतो. काका मेन स्विच बंद करून, कुलूप लावून गावी जातात आणि अख्ख्या विंगचं नेट बंद पडतं. वीज कंपनीचा यात काही दोष नसतो, कोणता यूपीएस घ्यावा याचाही प्रश्न नसतो. वाट कुणाच्या घरातून जाते हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं, एवढंच.

आता बहुतेक ठिकाणी फायबर आलं आहे, आणि त्याने चित्र पुन्हा बदललं. फायबरच्या जीपॉन पद्धतीत ऑपरेटरच्या खोलीतल्या ओएलटी या यंत्रापासून ग्राहकाच्या घरातल्या ओएनटी या डब्यापर्यंत मध्ये फक्त काचेचा तंतू आणि प्रकाश वाटून देणारा स्प्लिटर असतो. स्प्लिटरला वीज लागत नाही. म्हणजे बॅकअप द्यायच्या जागा दोनच उरल्या, दोन टोकांच्या. काही इमारतींत अजूनही फायबर तळमजल्यापर्यंत येतं आणि वर जुन्या स्विचांवरून तांब्याने चढतं. तिथे प्रत्येक मजल्याच्या स्विचला बॅटरी द्यायची, की उरलेलं अंतरही फायबरने भरून ते स्विचच काढून टाकायचे, हा विचार आधी करावा. कित्येकदा बॅटरीच्या दोन जोडांच्या किमतीत दुसरा मार्ग बसतो. फायबरचा आणखी एक फायदा असा की दोन इमारतींमध्ये लटकणारी तांब्याची तार विजा चमकल्या की पोर्ट उडवते. काचेच्या तंतूला ते भय नाही.

म्हणून पहिल्या प्रकरणात एकाही यूपीएसचं नाव नाही. त्यात वाट काढायला सांगितली आहे, अक्षरशः कागदावर: ऑपरेटरची खोली, इमारतीतली पेटी, मधले स्विच, आपला राउटर, शेवटचा कॅमेरा किंवा काउंटरवरचा संगणक. प्रत्येकापुढे तीन रकाने: वीज कोणत्या मीटरवरून येते, किती वॉट लागतात, लाइट गेल्यावर ते किती वेळ चालू राहतं. तिसऱ्या रकान्यातला सगळ्यात लहान आकडा हाच तुमचा खरा बॅकअप. ऑपरेटरची बॅटरी दोन तास टिकत असेल तर तुमच्या स्विचला आठ तास देऊन हाती काही लागत नाही. अपवाद एकच: सीसीटीव्ही. कॅमेरा, स्विच आणि चित्रण साठवणारा एनव्हीआर ही साखळी इमारतीच्या आतच पूर्ण होते. बाहेरचं नेट गेलं तरी चित्रण चालू राहतं. तेव्हा त्या तिघांचा हिशेब वेगळा, एकत्र धरायचा.

दुसरं प्रकरण मोजमापाचं. अडॅप्टरवर ‘१२ व्होल्ट, २ अँपिअर’ लिहिलेलं असतं, म्हणून राउटर २४ वॉट खातो असं नाही. तो आकडा अडॅप्टरची कमाल क्षमता सांगतो. प्रत्यक्षात घरगुती ओएनटी-राउटर आठ-दहा वॉटवर चालतो, आठ पोर्टांचा साधा स्विच तीन ते पाच वॉटवर. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर स्वस्तात मिळतो. विकत घ्यायच्या यादीत पहिलं नाव त्याचं असावं. यूपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला व्हीएचा आकडाही असाच फसवतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देऊ शकतो. आणि किती वेळ देतो, हे त्या दोन्ही आकड्यांवरून कळत नाहीच; ते आतल्या बॅटरीवर ठरतं, जी बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची असते.

पीओईने मोजमाप अवघडही केलं आणि सोपंही. लॅन केबलमधूनच वीज देणारे हे स्विच स्वतः थोडे वॉट खातात, पण त्यांच्यावरचे कॅमेरे, फोन आणि वायफायचे अॅक्सेस पॉइंट सगळे त्यांच्याच ताटात जेवतात. २००३ च्या मानकानुसार एका पोर्टमधून १५.४ वॉटपर्यंत वीज जाते, २००९ च्या मानकानुसार ३० पर्यंत, २०१८ च्या मानकानुसार ९० पर्यंत. म्हणून चोवीस पोर्टांच्या पीओई स्विचचा भार कधी तीस वॉट, कधी तीनशे. कॅमेऱ्यांचा भार रात्री मोजावा, कारण अंधारात त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात. दुपारी मोजलेला आकडा रात्री खोटा पडतो. सोपं अशासाठी की दहा ठिकाणच्या दहा अडॅप्टरांना बॅकअप देण्याऐवजी एका स्विचला दिला की काम होतं. शिवाय मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचमध्ये पोर्टांना प्राधान्य लावता येतं आणि वेळापत्रकाने काही पोर्टांची वीज बंद ठेवता येते. कोणते दिवे आधी जावेत हे ठरवण्याचा अधिकार इथे आपल्याच हातात असतो, तो वापरावा.

त्यानंतर येतात ती यंत्रं. ऑफलाइन यूपीएस लाइट असताना नुसता चार्ज करत बसतो आणि ती गेल्यावर काही मिलिसेकंदांत बॅटरीवर उडी मारतो. बहुतेक स्विचांचे पॉवर सप्लाय एवढा खंड पोटात घालतात, त्यामुळे घर, दुकान, क्लास यांना हा प्रकार पुरतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस व्होल्टेज कमी-जास्त झालं तर बॅटरीला हात न लावता ते सावरतो. संध्याकाळी व्होल्टेज खाली जाणाऱ्या, लाइनच्या शेवटी असलेल्या वस्तीत तो घ्यावा, नाहीतर ऑफलाइन यूपीएस लाइट असतानाही पुन्हा पुन्हा बॅटरीवर जाऊन ती संपवतो. ऑनलाइन यूपीएस सतत बॅटरीच्या मार्गानेच वीज देतो, खंड शून्य. तो महाग, गरम आणि चोवीस तास थोडी वीज खाणारा. दवाखान्याच्या सर्व्हर रूमला शोभतो, जिन्यातल्या पेटीला नाही.

घरचा इन्व्हर्टर आयता असतो म्हणून स्विच त्यावर टाकायचा मोह होतो. टाकावा, पण त्याच्या पाठीमागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे ना ते पाहून. दुसऱ्या मोडमध्ये तो बदल करायला इतका वेळ घेतो की पंख्याला कळत नाही, पण स्विच रीस्टार्ट होतो. टॉवरमध्ये डीजी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठीही हेच. डीजी सुरू होऊन भार घेईपर्यंत दहा-वीस सेकंद जातात. तेवढ्यात बंद पडलेला मॅनेज्ड स्विच पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. तिथे छोटा यूपीएस हवाच, फक्त दरी ओलांडण्यापुरता. आणि तो डीजीवर तपासून घ्यावा. जनरेटरची फ्रिक्वेन्सी हलती असेल तर काही यूपीएस ती वीज नाकारतात आणि डीजी धडधडत असताना बॅटरी संपवून बसतात.

लहान नेटवर्कांसाठी आमची शिफारस मात्र वेगळी आहे: जिथे जमेल तिथे वीज डीसीच ठेवा. बॅटरीत १२ व्होल्ट डीसी असते. यूपीएस ती २३० व्होल्ट एसी करतो, अडॅप्टर तिची पुन्हा १२ व्होल्ट डीसी करतो, आणि या येरझारीत वीज वाया जाते. चौदा वॉटचा राउटर-स्विचचा जोड ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर थेट डीसीने चालवला तर चार-पाच तास निघतात. तीच बॅटरी सहाशेच्या यूपीएसमधून वापरली तर अनेकदा त्याच्या निम्माही वेळ मिळत नाही, कारण यूपीएस स्वतःच चालू राहण्यासाठी जवळपास तेवढीच वीज खातो. काही यूपीएस तर भार फार कमी दिसला की ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून बंद होतात.

राउटरसाठी मिळणारे मिनी-यूपीएस याच तत्त्वावर चालतात. ते घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. व्होल्टेज: सगळे स्विच १२ व्होल्टचे नसतात, काही ५ चे, काही ९ चे असतात, चुकीची पिन बसली तरी चुकीचं व्होल्टेज स्विच मारतं. पिनेचा आकार आणि आतलं टोक धन आहे की ऋण. आणि खोक्यावरचा एमएएचचा आकडा: तो सहसा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणून १०,००० एमएएच म्हणजे सुमारे ३७ वॉट-अवर, १२० नव्हेत. बॅटरीला स्विच परस्पर जोडणाऱ्या हौशी वायरमनसाठी एक इशारा: बारा व्होल्टची बॅटरी बारावर कधीच नसते. चार्ज होताना ती पावणेचौदापर्यंत, कधी त्याहून वर जाते आणि संपत आली की साडेदहाला येते. एवढा चढउतार सोसेल असं स्विचवर लिहिलेलं नसेल तर मध्ये डीसी-डीसी कन्व्हर्टर हवा, आणि साडेदहाला भार तोडणारी सोयही हवी.

आता एक पूर्ण हिशेब, कारण पुस्तिकेतली सगळी कोष्टकं याच साच्यातली आहेत. सात मजली सोसायटी, आठ कॅमेरे रात्री प्रत्येकी ६ वॉट म्हणजे ४८, पीओई स्विचचा स्वतःचा खर्च १२, हार्ड डिस्कसह एनव्हीआर १५, राउटर १०. एकूण ८५ वॉट. सहाशेच्या यूपीएसमध्ये कागदावर ८४ वॉट-अवर आहेत, म्हणून तासभर चालेल असं वाटतं. चालत नाही. बॅटरीची क्षमता वीस तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबाने छापलेली असते; घाईने उपसली तर ती कमी देते, वर यूपीएसची गळती. अर्धा तास मिळाला तरी चांगलं म्हणायचं. सोसायटीला चार तास हवेत: ८५ गुणिले ४, म्हणजे ३४० वॉट-अवर. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून ४२५ काढावे लागतील. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये असं मानलं तर ८५० वॉट-अवर, म्हणजे १२ व्होल्टची किमान ७१ अँपिअर-अवरची बॅटरी. वयाची सूट धरून शंभरची. लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली तर ती ८५ टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून १२.८ व्होल्टची ४० अँपिअर-अवरची पुरते. ही मोठी बॅटरी सहाशेच्या यूपीएसला बाहेरून जोडण्याची युक्ती मात्र करू नये. त्याचा चार्जर तेवढी बॅटरी भरू शकत नाही आणि आतला भाग तासन्‌तास चालण्यासाठी बनवलेला नसतो, तो तापतो.

बॅटरी हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित खर्च. यूपीएस दहा वर्षं टिकतो, त्यातली सीलबंद बॅटरी साधारण तीन. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत एप्रिल-मे महिन्यात काय होत असेल, याची कल्पना त्यावरून यावी. अर्धवट रिकामी ठेवून दिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट चढतं आणि ती बसते. फुगलेली बॅटरी बदलायची असते, ‘अजून चालतेय’ म्हणून ठेवायची नसते. ट्यूब्युलर बॅटरीला पाणी लागतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद पेटीत ती नको. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण हजारो चक्रं सोसणारी. मात्र तिच्यासाठीचा चार्जर वेगळा लागतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत यूपीएसचा खर्च मंजूर होतो, तिसऱ्या वर्षीच्या बॅटरीचा होत नाही. तो आजच लिहून घ्यावा.

मोठ्या जागांसाठी एक प्रकरण वेगळं आहे. तिथल्या स्विचांना दोन पॉवर सप्लाय असतात, चालू स्थितीत बदलता येणारे. एक बिघडला तर दुसरा सगळा भार उचलतो. पण दोघांच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचल्या असतील तर जादा पॉवर सप्लायचे पैसे गेले. एक यूपीएसवर आणि दुसरा वेगळ्या मार्गावर असेल तरच त्या दोघांना अर्थ. चांदिवली, ऐरोली, महापे इथल्या डेटा सेंटरांत हीच कल्पना टोकाला नेलेली असते: दोन स्वतंत्र मार्ग, दोन यूपीएस, दोन वितरण पट्टे, शेवटच्या यंत्रापर्यंत. लहान माणसाने त्यातून यंत्रं उचलू नयेत, प्रश्न उचलावा: हे दोन खरोखर वेगळे आहेत का?

जागेविषयी भांडुपला कुणी नवं काही शिकवायला नको. १७-१८ जुलै २०२१ च्या रात्रीच्या पावसात इथल्या पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी शिरलं, विजेची यंत्रणा बंद ठेवावी लागली आणि मुंबईच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. शहराला पाणी देणारं केंद्र पाण्यानेच थांबत असेल, तर तळमजल्याच्या मीटर रूममध्ये जमिनीवर ठेवलेल्या यूपीएसची काय कथा? रॅक कमरेच्या वर हवा. भांडुपच्याच ड्रीम्स मॉलला लागलेल्या आगीनंतर जिना मोकळा का हवा हेही सांगावं लागू नये. बॅटरी बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवू नका. पूर्वेकडच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर गंज लवकर चढतो, म्हणून दर पावसाळ्याआधी ती पुसून, घट्ट करून, वर पेट्रोलियम जेली लावावी. अर्थिंग खरं आहे की तिसऱ्या पिनेचं नुसतं भोक आहे, ते वायरमनकडून तपासून घ्यावं. आणि संपलेली बॅटरी भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि लेड-अॅसिडच्या बाबतीत नवी घेताना जुनीचे पैसे वजा करून मिळतात.

या पुस्तिकेत कोणत्या कंपनीचा यूपीएस चांगला याची यादी नाही. मॉडेलं वर्षभरात बदलतात, गणित बदलत नाही. सौर पॅनेल, मोबाइल टॉवर आणि मोठ्या सर्व्हर रूमचे विषयही बाहेर ठेवले आहेत. ज्यांना एवढंच हवं आहे की लाइट गेल्यावर पतपेढीचा काउंटर चालू राहावा, क्लासची परीक्षा तुटू नये, रात्री गेटवरचं चित्रण थांबू नये, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. केबलवाल्याच्या पोराला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला एकच पान समोर ठेवून बोलता यावं, हा त्यामागचा हेतू. आज दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि दोघंही अर्धे बरोबर असतात.

पहिलं प्रकरण वाचण्याआधी एक चाचणी करून टाका. सुटीच्या दिवशी, सगळ्यांना सांगून, इमारतीतल्या नेटवर्कची एमसीबी खाली पाडा आणि घड्याळ लावा. काय पहिल्या सेकंदाला गेलं, काय दहाव्या मिनिटाला, काय तासाने, ते लिहून ठेवा. ऑपरेटरची बाजू या चाचणीत कळणार नाही. ती पुढच्या खऱ्या वेळी पाहा किंवा त्याला सरळ विचारा. हा कागद हातात घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार काय विकू पाहतो ते तुम्हाला समजेल. दर सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करा, कारण बॅटरी बसली आहे हे ती स्वतःहून सांगत नाही.